उसन्या ओट्यांवरचे इंदूर

इंदूरला प्रथमच येणारा मराठी पाहुणा पहिल्या सकाळी थोडासा दुखावला जातो, आणि त्याला कारण पोहे असतात. परमुलखात का होईना, न्याहारी तरी आपल्या घरची मिळणार, असे त्याने गाडीतून उतरतानाच मनाशी धरलेले असते. मग त्याच्या हाती कागदी द्रोण येतो. त्यात पोहे असतात खरे, पण त्यांवर मूठभर शेव, बारीक चिरलेला कच्चा कांदा, डाळिंबाचे चार दाणे आणि वरून भुरभुरलेली एक तपकिरी पूड. ओले खोबरे शोधूनही सापडत नाही. मोहरीच्या जोडीला दाताखाली बडीशेप येते. हे कमी म्हणून की काय, शेजारी गरम जिलेबीची दोन वेटोळी ठेवलेली असतात. "हे पोहे?" असे तो विचारतो. आम्ही इंदुरी माणसे अशा वेळी वाद घालीत नाही. तिसऱ्या दिवशी तोच पाहुणा स्वतः होऊन दुसरा द्रोण मागतो, असा आमचा आजवरचा अनुभव आहे.

गेल्या श्रावणात आमचे साडू हैदराबादेहून सहकुटुंब आले, तेव्हा याच क्रमाने सारे घडले. त्यांचे घराणे निजामाच्या काळापासून तिकडे. दख्खनी वळणाचे बोलणे, जेवणात चिंच सढळ, पण सकाळचे पोहे मात्र अगदी पुणेरी वळणाचे. त्यांनी द्रोणातील शेव बोटाने बाजूस सारली आणि पोह्यांकडे परीक्षकाच्या नजरेने पाहिले. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, बडोद्याची सेव-उसळ आठवा. मराठी घरातून निघालेली उसळ तिथे रस्त्यावर आली, शेवेखाली गेली आणि बडोद्याची म्हणून नावाजली. मग इंदूरच्या पोह्यांवरच राग का?

या पोह्यांचे तंत्र मात्र समजून घेण्याजोगे आहे. भिजवून निथळलेले पोहे हळद, मीठ, साखर लावून फोडणीवर परतले की ते थोरले भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून देतात. खालून वाफ मिळत राहते. त्यामुळे पहाटे सहाला झालेले पोहे साडेदहालाही मऊ राहतात. घरच्या पोह्यांना अशी वाट पाहावी लागत नाही. ते कढईतून थेट बशीत येतात. रस्त्यावर गिऱ्हाईक केव्हा येईल याचा नेम नसतो, म्हणून वाफ आली. वाफेवरचे पोहे सौम्य लागतात, म्हणून वरून जिरावण आले. जिरे, धने, बडीशेप, आमचूर, काळे मीठ, हिंग, सुंठ, मिरची अशा जिनसांची ही माळव्याची पूड घराघरांत असते आणि ती पोह्यांपासून काकडीपर्यंत कशावरही पडते. आणखी एक गंमत पाहा. मराठीत पोहे बहुवचनी. 'पोहे झाले', 'पोहे खाल्ले'. इंदूरचा विक्रेता म्हणतो, 'पोहा'. शहराने त्यांना आपलेसे करताना त्यांचे वचनच बदलून टाकले.

ज्या गाडीवर आम्ही साडूबुवांना नेले, ती एका बंद दुकानापुढे उभी असते. दुकान कापडाचे. अकराच्या सुमारास मालक येतो, तोवर त्याचा ओटा पोहेवाल्याचा. साडेदहाला पोहेवाला भांडी आवरतो, ओटा धुतो आणि जातो. त्या दोघांत भाड्याचा काही करार आहे की नुसता दोन द्रोणांचा, हे विचारण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. पण इंदूरचे बहुतेक नावाजलेले खाणे असेच दुसऱ्याच्या ओट्यावर, दुसऱ्याच्या सवडीने चालते, ही गोष्ट त्या चार दिवसांच्या भटकंतीत आम्हांला प्रथमच नीट दिसली. स्वतःचे गाव पाहायला पाहुणा लागतो!

मराठी माणूस येथे कसा आला, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ज्याच्या-त्याच्या गावची कथा थोड्याफार फरकाने तीच. माळव्यात मल्हारराव होळकरांचा अंमल बसला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. अहिल्याबाईंनी कारभार केला तो नर्मदेकाठच्या महेश्वराहून. इंदूर राजधानी झाले ते १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. मग कारकून आले, शास्त्री आले, वैद्य आले, आणि त्यांच्यामागून त्यांची स्वयंपाकघरे आली. रामबाग, लोकमान्य नगर अशा वस्त्यांत अजूनही सकाळी फोडणीचा तो ओळखीचा वास येतो. आमच्या घरांतली मराठी मात्र 'मी जाऊन राहिलो आहे' असे बोलू लागली, त्याबद्दल पुण्याचे नातेवाईक अजून हसतात. हसोत बापडे.

संध्याकाळी आम्ही राजवाड्यावर गेलो. सात मजली दर्शनी भाग, खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. १८०१ साली, १९०८ साली आणि पुन्हा १९८४ साली ही वास्तू आगीत सापडली आणि प्रत्येक वेळी पुन्हा उभी करण्यात आली. समोरच्या बागेत मुले फुगे घेऊन पळत होती. येथून पायी पाच-सात मिनिटांवर सराफा.

दिवसा पाहिला तर हा सोन्या-चांदीचा बाजार आहे. अरुंद गल्ली, दोहों बाजूंना पेढ्या, गाद्या, तराजू. रात्री नऊच्या पुढे पेढ्यांच्या लोखंडी फळ्या खाली येऊ लागतात. फळी पुरती टेकते न टेकते तोच तिच्यासमोरच्या ओट्यावर शेगडी, परात, कढई मांडली जाते. दहा वाजता गल्ली ओळखू येत नाही. तुपाचा, वेलदोड्याचा, लिंबाचा आणि तळणाचा असा एक मिश्र दरवळ माणसाला पुढे ढकलत नेतो. मागून गर्दी ढकलत असतेच. जुने लोक सांगतात की, रात्री गल्लीत वर्दळ राहिली तर चोरांना वाव मिळत नाही, म्हणून सराफांनीच खाणेवाल्यांना बसू दिले. सोन्याची राखण जिलेबीने करावी, ही कल्पना आम्हांला तरी पटते.

आमच्या आजीच्या काळी घरच्या बायका रात्री सराफ्यात जात नसत. पुरुष मंडळी खाऊन येत आणि येताना द्रोणांत बांधून घरी आणीत. आजी तो द्रोण उघडून म्हणे, "निवालं की रे सगळं." गरम कीस तिने सराफ्यात उभे राहून कधीच खाल्ला नाही. आज गल्लीतली निम्मी गर्दी बायका-मुलींची असते, आणि आमच्या सौ. व त्यांच्या धाकट्या भगिनी, म्हणजे साडूबुवांच्या पत्नी, त्या रात्री आमच्या पुढे चार पावले होत्या.

त्यांनी आरंभ केला तो भुट्ट्याच्या किसाने. पावसाळा हा त्याचा खरा हंगाम. कोवळी कणसे किसून तो कीस तुपावर, मोहरी-जिरे-हिंग-मिरचीच्या फोडणीत परततात, दुधात शिजवतात, आणि वर कोथिंबीर, थोडे खोबरे, लिंबू. 'कीस' हा शब्द ऐकून मेहुणीबाईंचे कान टवकारले. उपवासाचा बटाट्याचा कीस त्यांच्या घरी नेहमीचा. कीस मंद आचेवर खूप वेळ ढवळावा लागतो, म्हणून तो करणारा इसम बोलत नाही, फक्त उलथने फिरवतो. दोन द्रोण झाले. तिसरा साडूबुवांनी मागितला, शेवेची तक्रार न करता.

हिवाळ्यात येणाऱ्यांनी मात्र गराडू सोडू नये. कोनफळाच्या कुळातला हा कंद सोलताना हात खाजतात, म्हणून घरी फारसा कोणी करीत नाही. तुकडे एकदा तळून ठेवायचे, गिऱ्हाईक आले की पुन्हा कडकडीत तळायचे, वर मसाला आणि लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखा. श्रावणात त्याची वेळ नव्हती, आणि साडूबुवांपुढे त्याचे वर्णन करण्यात आम्ही थोडी क्रूर मौज घेतली.

त्या दिवशी एकादशी होती आणि मेहुणीबाईंचा उपवास. (कीस चालतो की नाही, याबद्दल दोघी बहिणींत आधीच एक परिसंवाद होऊन गेला होता. मका धान्य खरे, पण ते ऋषिपंचमीला चालते की, अशा मुद्द्यावर निर्णय कीसाच्या बाजूने लागला. शास्त्राधार आम्हांला विचारू नये.) पुढच्या ओट्यावर साबुदाण्याच्या खिचडीचा डोंगर वाफेवर ठेवलेला. तिथेही पोह्यांचेच तंत्र. खिचडी परतलेली नसते. भिजलेला साबुदाणा वाफेवर फुलवतात आणि मागणी आली की तेवढ्यापुरता मसाला, दाण्याचे कूट, लिंबू, कोथिंबीर टाकून हाताने कालवतात. वर शेव घालणार तोच मेहुणीबाईंनी हात आडवा केला. "ही शेव कशाची?" विक्रेत्याने एक अक्षर न बोलता दुसरी बरणी ओढली, तीत बटाट्याचा फराळी चिवडा होता. एकादशीच्या बायका त्याला नव्या नव्हत्या. आमच्याभोवती खिचडी खाणारी जी पंधरा-वीस माणसे होती, त्यांतल्या एकाचाही उपवास नसावा. रात्री अकरा वाजता, कचोरी खाऊन झाल्यावर, साबुदाण्याची खिचडी खाणारे शहर आम्हांला दुसरे ठाऊक नाही.

दहीवड्याची करामत पाहण्यासाठी एका जुन्या दुकानापुढे थोडे ताटकळावे लागते. मालक दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून पुन्हा झेलतो, थेंब सांडत नाही, आणि मग एकाच चिमटीत धरलेले निरनिराळे मसाले एकामागून एक वेगवेगळे सोडतो. ते पाहण्याचे पैसे निराळे पडत नाहीत. चव चांगली आहे. करामत नसती तरी चांगलीच लागली असती. शिकंजी मागताना लिंबाचे सरबत मिळेल असे समजू नये. इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेले दूध, सुका मेवा, केशर, वेलदोडा आणि त्यात किंचित आंबूसपणा. श्रीखंड आणि बासुंदी यांचा विवाह व्हावा तसा काही प्रकार. तो पेला संपल्यावर रात्री जेवायचे उरत नाही. मावाबाटी आणि पाव किलोची एकेक जिलेबी आम्ही नुसती पाहिली. वय!

हे सारे लिहीत असताना मनात एक गोष्ट बोचते आहे. २०२५ साली सराफा व्यापाऱ्यांनी ही रात्रीची चौपाटी येथून हलवावी अशी मागणी लावून धरली. अरुंद गल्लीत दाटीवाटीने गॅसच्या टाक्या, आग लागली तर बंब आत येणार कसा, हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. शिवाय आता सोन्याचा धंदाही लवकर आटोपत नाही. लग्नसराईत गिऱ्हाईक रात्रीपर्यंत येते आणि दुकान उघडे असतानाच ओट्यावर कढई तापू लागते. आमच्या परिचयाचे एक सराफ म्हणाले, "वडिलांनी ओटा दिला तो माणूस ओळखून. आता ओट्यापुढे ओटा आणि त्यापुढे गाडी. कोण कोणाचे, काही कळत नाही." यावर तोडगा असा पुढे आला की, पारंपरिक पदार्थांच्या सुमारे ८० दुकानांपुरतीच चौपाटी ठेवावी आणि बाकीच्यांनी, विशेषतः नूडल्स-मोमोवाल्यांनी, उठावे.

नूडल्सबद्दल आम्हांला तिळमात्र जिव्हाळा नाही. पण पारंपरिक कोणाला म्हणावे, हा प्रश्न ताटासमोर बसून सुटणारा नाही. मका अमेरिकेतून आला. बटाटा, मिरची, तिथूनच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावाही अमेरिकेचाच, आणि आपल्या एकादशीचा बहुतेक साबुदाणा येतो तो तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूने. कचोरी मारवाडची, दाल-बाफले हे राजस्थानी बाटीचे माळवी भावंड, पोहे आमचे. माळव्याचा म्हणून ठामपणे दाखवावा असा बहुधा तो एकटा जिरावणाचा डबा. तेव्हा पदार्थाची वंशावळ पाहून जागा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाहायचेच तर ओट्याच्या मालकाची संमती आहे का, टाक्या किती, गल्लीत बंब जाईल एवढी वाट राहते का, हे पाहावे. मोमोवाला या कसोटीला उतरला तर बसू द्यावा, आणि चार पिढ्यांचा कचोरीवाला न उतरला तर त्यालाही दोन हात मागे सरकायला सांगावे. आमच्या घरात या मतावर एकवाक्यता नाही, हेही येथे नमूद करतो, सौ.चे म्हणणे, कीसवाल्याला हात लावाल तर याद राखा.

आम्ही निघालो तेव्हा दीड वाजून गेला होता. टोकाच्या दोन-तीन ओट्यांवर आवराआवर चालली होती. एक पोरगा बादली आणि खराटा घेऊन ओटा घासत होता. तेलाचा डाग राहिला तर सकाळी शेटजी बोलतात म्हणाला. २०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांच्या पाहणीत इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत गेले, त्याचे श्रेय सारे मानकरी वाटून घेतात; त्या पोराचाही त्यात वाटा असावा.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या आग्रहास्तव छप्पन दुकान झाले. नव्या पलासियातील ही छप्पन दुकानांची रांग. २०२० साली तिचे नूतनीकरण होऊन रस्ता केवळ पादचाऱ्यांचा झाला. बसायला बाके आहेत, झाडे आहेत, दिवे आहेत. खोबऱ्याचे पॅटिस उत्तम मिळते, आणि येथील 'हॉट डॉग' म्हणजे तव्यावर भाजलेल्या पावात बटाट्याची टिक्की, हे पाहून परदेशी माणूस गोंधळतो. आबालवृद्धांच्या सोयीचे ठिकाण. येथे ज्याचे दुकान त्याचा ओटा, म्हणून सारे नीटनेटके आहे. आम्हांला मात्र तिथे भूक जरा बेताचीच लागते. त्याहून सिरपूरचा तलाव बरा. होळकरांच्या राज्यात पाणीपुरवठ्यासाठी झालेला हा तलाव २०२२ साली रामसर यादीत गेला. हिवाळ्यात पक्षी पाहायला तेथे पहाटे जावे, आणि येताना पोहे.

तिसरा दिवस आम्ही घाटासाठी राखून ठेवला होता. इंदूरहून निघाले की आधी महू लागते. या लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. जन्मस्थळी स्मारक आहे. नोकरीच्या निमित्ताने परमुलखात राहिलेल्या मराठी कुटुंबांची यादी करायची झाली तर तीत हे घर अग्रभागी ठेवावे लागेल. आम्ही तेथे थोडा वेळ शांतपणे बसलो, आणि मगच पाताळपाणीकडे निघालो.

पाताळपाणी इंदूरपासून सुमारे ३५ किलोमीटर. माळव्याचे पठार येथे एकाएकी संपते आणि चोरल नदीचे पाणी सुमारे ३०० फूट खाली दरीत कोसळते. श्रावणात त्याचा गडगडाट छातीत जाणवतो. पाण्याजवळ उतरू नये, ही विनंती आम्ही प्रत्येक वाचकास करतो. २०११ च्या जुलैत वरून अचानक लोंढा आला आणि सहलीला आलेल्या एका कुटुंबातील माणसे सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. आता कठडे आहेत. त्यांच्या अलीकडूनच पाहावे. लोहमार्गाजवळ टंट्या भिल्लाचे मंदिर आहे. इंग्रजांशी झुंजलेल्या या पुरुषाला १८८९ च्या डिसेंबरात जबलपूरला फाशी देण्यात आले. येथून जाणारी गाडी त्याच्या मंदिरापाशी क्षणभर थांबून पुढे जाई, असा या मार्गाचा रिवाज होता.

हा लोहमार्ग हीच खरी आमची त्या दिवसाची यात्रा. तो आला तो होळकरांच्या पैशाने. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० साली इंग्रज सरकारला त्यासाठी एक कोट रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. खांडव्याहून नर्मदा ओलांडून इंदूरपर्यंत आलेला हा मीटर मापाचा मार्ग 'होळकर स्टेट रेल्वे' म्हणून ओळखला गेला. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येक जण याच घाटातून खांडव्याला उतरून पुढे मुंबई-पुण्याच्या गाडीत बसले असतील. घाटातला चढ ४० फुटांना एक फूट. त्यामुळे खालून येणाऱ्या गाडीला घाटाच्या पायथ्याशी, कालाकुंड स्टेशनात, मागे आणखी एक इंजिन जोडावे लागे. इंजिन जोडायचे म्हणजे गाडी थांबणार, आणि ती थांबणार म्हणून फलाटावर पळसाच्या पानांत कलाकंद आला. स्टेशनालगतच्या वस्तीतली काही घरे पिढ्यान्‌पिढ्या तो करीत आली. गावातले दूध, चुलीवर आटवलेले, रवाळ, साखर बेताची. खिडकीतून पैसे द्यायचे आणि पान घ्यायचे. तिथला ओटा रेल्वेचा होता, आणि सवड इंजिनाची.

२०२३ च्या फेब्रुवारीपासून महू ते ओंकारेश्वर रोड या भागातील मीटर मापाच्या नेहमीच्या गाड्या बंद झाल्या. तेथे रुंद मापाचे काम हाती घेतले आहे, आणि नव्या रुळांना एवढा चढ मानवत नाही म्हणून त्यांची वाट निराळी आखली गेली. जुन्या घाटाचा पाताळपाणी ते कालाकुंड हा साडेनऊ किलोमीटरांचा तुकडा तेवढा वारसा म्हणून राखला आहे. त्यावर २५ डिसेंबर २०१८ रोजी सहलीची खास गाडी सुरू झाली. ती बारमाही रोजची नाही. पावसाळ्यात आणि तेही ठरावीक वारी धावते, तेव्हा वेळापत्रक पाहूनच बेत करावा. डब्यांना मोठ्या काचा आहेत. बोगद्यात शिरताना सारा डबा एकसुरात ओरडतो, त्यात आमचे साडूही होते, वय अठ्ठावन्न. पूल, दरी, ढग, पुन्हा बोगदा, मध्येच धबधब्याच्या दर्शनासाठी थांबा. गाडी घाट उतरून चोरल नदीच्या काठाने कालाकुंडला जाऊन थांबली.

फलाटावर चार-पाच विक्रेते होते. बायका टोपल्या पुढे करून बसल्या होत्या, एक वृद्ध गृहस्थ उभे राहून हाका मारीत होते. आम्ही त्यांच्याकडूनच घेतला. पान उलगडताच दुधाचा आणि धुराचा वास आला. कलाकंद मऊ, कणीदार, कडेला किंचित लालसर. मेहुणीबाई म्हणाल्या, "ताई, हा आईच्या हातच्या खव्याच्या वड्यांसारखा आहे गं." दोघी काही वेळ बोलल्या नाहीत.

म्हाताऱ्याशी गोष्टी निघाल्या. पूर्वी दिवसातून कित्येक गाड्या. रात्रीच्या गाडीलाही कंदील घेऊन उभे राहायचे. घरात दोन म्हशी होत्या, मग चार झाल्या, त्यांवर मुलींची लग्ने झाली. आता गाडी येते त्या वारी दूध आटवायचे. बाकीचे दिवस दूध चोरलच्या रस्त्याला पाठवतात. तिथे भाव पडून मिळतो. मुलगा महूला मिस्तरीच्या हाताखाली जातो. पावसाळा संपला, गाडी बंद झाली, की मग काय? यावर त्यांनी घाटाकडे नुसता हात केला. रस्त्यावर दुकान टाका, इंदूरला आणा, सराफ्यात विका, असे साडूबुवांनी सुचवून पाहिले. हैदराबादी माणसाची उद्यमशीलता. म्हातारा म्हणाला, सराफ्यात ओटा कोण देणार? आणि तिथे विकला तर तो कालाकुंडचा कसा राहील?

आम्ही इंदूरचे, त्यामुळे या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी होते. पोह्यांचे उदाहरण तोंडावर आले होते. पण ते त्या फलाटावर देववेना. पोहे ज्यांच्याबरोबर आले त्यांना दरबारी नोकऱ्या होत्या.

साडूबुवांनी हैदराबादेस न्यायला दोन किलो मागितला. म्हाताऱ्याने तराजू उचलला, क्षणभर थांबला आणि विचारले, "कुठवर जाणार?" हैदराबाद म्हटल्यावर त्याने मान हलवली. परवापर्यंत आंबेल, म्हणाला; इतका घेऊ नका, पाव किलो घ्या, तोही आज रात्री संपवा. आणि खरोखरच पाव किलोच तोलून दिला. वर पळसाचे एक पान जादा घातले, वास लागू नये म्हणून.

इंजिनाने शिटी दिली. टोपल्या उचलल्या जाऊ लागल्या. निम्म्याहून अधिक रिकाम्या होत्या, एक जवळजवळ भरलेली होती. तिच्या मालकिणीला मेहुणीबाईंनी खिडकीतून हाक मारली आणि आणखी दोन पाने घेतली. ती आम्ही पाताळपाणी येण्यापूर्वीच संपवली.